मदत हवी आहे: कुडाळात राहून एचआर संघटनेचं काम कसं निभवायचं?

नमस्कार मंडळी,

कोकणात एचआर किंवा लेबर कायद्याचं काम करणारे कोणी इथे असतील तर वेळ काढून लिहा. संघटनेने विचारलेल्या एका जबाबदारीबद्दल मला महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे.

मी कुडाळ एमआयडीसीत एका फळप्रक्रिया कारखान्यात एचआर सांभाळते, एकटीच. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), कंत्राटदाराची बिलं, सगळं एकाच टेबलावर. कायम माणसं साठ, आंब्याच्या हंगामात दोनशेच्या वर. नऊ वर्षं झाली. काम जड वाटत नाही, पण अडलं तर विचारायला शेजारी कोणी नाही.

तीन वर्षांपूर्वी एचआरवाल्यांच्या एका संघटनेची सभासद झाले, ती फक्त कोर्सच्या फीमध्ये सवलत मिळते म्हणून. मग आमच्याकडचे एक काका निवृत्त झाले. आधारवर पांडुरंग, पीएफला पांडू, जन्मसालही वेगळं. मी नाव दुरुस्त न करताच क्लेम पुढे पाठवला आणि तो नाकारला गेला. चूक माझी होती. काका प्लास्टिकच्या पिशवीत शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लग्नपत्रिकासुद्धा घेऊन आले आणि एकेक कागद टेबलावर मांडत म्हणाले, "बाय, ह्या नाव माझाच आसा, दुसऱ्या कोणाचा नाय." मला मान वर करवेना.

त्या संध्याकाळी संघटनेच्या मुंबईतल्या एका ज्येष्ठ स्वयंसेवकांनी पाऊण तास फोनवर बसून जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनीने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज, समजावलं. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघालेला यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असेल तर अशी दुरुस्ती कामगार स्वतः करू शकतो. काकांचा त्याआधीचा, म्हणून कंपनीची मंजुरी लागणार. कोणते कागद जोडायचे तेही त्यांनीच सांगितलं. दीड महिन्यात पैसे जमा झाले. काका ओल्या काजूगरांची पुडी देऊन गेले. पण ती खरी त्या मुंबईच्या सरांची होती.

आता संघटनेच्या चॅप्टरने, म्हणजे शाखेने, विचारलंय, दक्षिण कोकणाची जबाबदारी दोन वर्षं घ्याल का? महिन्याला एक अभ्यासबैठक, कॉलेजच्या मुलांना मार्गदर्शन, लहान कारखान्यांना मदत. मनापासून घ्यावीशी वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही श्रमसंहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्यापासून आसपासच्या युनिटमधून मलाच फोन येतात. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात कसा धरायचा? मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरात ग्रॅच्युइटी, मग आंब्यापुरता येणाऱ्या हंगामी कामगाराचा हिशोब वेगळा कसा? गोवा जवळ आहे, पण तिथले राज्याचे नियम इथे चालत नाहीत.

अडचणी अशा. चॅप्टरच्या बैठका मुंबईत, शनिवारी. रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरून सकाळी दादर गाठायचं आणि रविवारी परत, म्हणजे शनिवारची रजा जाते. साहेब म्हणतात, "यात कंपनीला काय?" त्यांना काय उत्तर देऊ?

दुसरं मला जास्त बोचतं. वेंगुर्ला आणि सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांत बहुतेक बायकाच. टरफलातल्या चिकाने बोटांची कातडी सोललेली, नखं काळी. त्यांच्यासाठी पॉश कायद्याचं, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं, सत्र घ्यायचं आहे. दोन मालकांनी गेटवरूनच परत पाठवलं. आत कसं जावं?

---

प्रतिसाद, लोटेवाला:

ताई, जबाबदारी घ्या, पण सगळी नको. दोन वर्षं फक्त अभ्यासबैठक घेईन असं लेखी कळवा. विद्यार्थी आणि बाकीचं दुसऱ्या कोणाला द्या. मी एकदा तिन्ही कामं घेतली आणि सहा महिन्यांत एकही धड होईना. मुंबईच्या बैठकीला ऑनलाइन हजर राहीन, वर्षातून दोनदा प्रत्यक्ष येईन, हेही त्यातच लिहा. तिकडच्यांना आपलं अंतर कळत नाही, सांगावं लागतं.

साहेबांना "माझी प्रगती होईल" असं सांगू नका. काकांची फाइल दाखवा. वर्षाला चार दिवस ऑन ड्युटी (रजा न कापता) मागा आणि प्रत्येक बैठकीनंतर एक पानी टिपण त्यांच्या टेबलावर ठेवा.

आणि ओळखी बैठकीपुरत्या ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा आमच्या लोटे एमआयडीसीतल्या एचआरवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुपच कामाला आला. कोणाचा माणूस कुठल्या माळ्यावर अडकलाय ते रात्रभर एकमेकांना कळवत होतो. त्याआधी दोन वर्षं दर महिन्याला चहाला भेटत होतो म्हणूनच ते जमलं.

---

प्रतिसाद, सुरंगी:

मी तीन कारखान्यांच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य आहे. गेटवर कायद्याचं नाव काढलंत की मालकाला इन्स्पेक्टर आल्यासारखं वाटतं. आधी वाडीतल्या बचतगटाच्या मासिक बैठकीला जा. कारखान्यातल्या बायका तिथेच असतात. पहिल्या दिवशी हाताच्या चिकाबद्दल बोला, हातमोजे मिळतात का विचारा. छळाचं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप निघतं.

मालकाला मात्र सरळ सांगा: दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याने समिती हवीच, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. बाहेरची सदस्य त्यांना सहजी मिळत नाही, ती शोधून देते म्हणा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे बायकांना आवर्जून सांगा. एक विनंती: कोणी काही सांगितलं तर ते दुसऱ्या बैठकीत उदाहरण म्हणूनही काढू नका. गाव लहान आहे.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. चिकाचं मला सुचलंच नव्हतं. मी तर स्लाइड तयार करत बसले होते. आज चॅप्टरला लिहिलं, फक्त अभ्यासबैठक घेते, काजू कारखान्यांचं काम त्याबाहेर माझं मी करेन. साहेबांनी चार नाही, दोन दिवस दिले.

सुरंगीताई, पुढच्या आठवड्यात एका बचतगटाची बैठक आहे. पहिल्या वेळी सोबत याल का? आणि कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीचे एचआरवाले कोणी असाल तर पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता भेटूया. विषय हंगामी कामगारांची ग्रॅच्युइटी. येताना आपापले प्रश्न कागदावर लिहून आणा.