मदत हवी आहे: जर्मनीतल्या पिठाच्या मऊ पोळ्या

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त जर्मनीतल्या एका लहान गावात येऊन चार महिने झाले. भारतीय दुकान दीड तास लांब, त्यात रविवारी सगळं बंद. म्हणून पीठ इथलंच आणते. पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. मोठा आकडा म्हणजे कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदाच, त्याच्या पोळ्या गार झाल्या की वातड. १०५० ची कणीक हाताला चिकटते आणि अख्ख्या गव्हाच्या पिठाची पोळी लाटताना कडा फाटतात.

कोणी दोन पिठं मिसळून वापरतं का? प्रमाण काय? कणीक किती वेळ भिजू द्यायची? शेगडी विजेची, वर काच. फुलका आचेवर धरता येत नाही.

इथे बऱ्याच घरी रात्री पाव, चीज, काकडी असं गारच जेवतात. लेक मैत्रिणीकडे ते आवडीनं खाते, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत. त्यांना दोन्ही वेळा गरम पोळी लागते, आणि ती त्यांना मिळावी असं मला मनापासून वाटतं. कृपया स्वतः करून पाहिलेलं सांगा.