नेरोनी स्लेड: सामोआच्या वकिलाने जगाची कामं केली, सामोआच्या हाती काय लागलं?

दर्यावर्दी: सामोआ हा पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश, वस्ती जेमतेम दोन लाख. तिथले तुइलोमा नेरोनी स्लेड 1976 ते 1982 देशाचे अॅटर्नी जनरल. मग राष्ट्रकुल सचिवालयाचा कायदा विभाग, 1993 पासून संयुक्त राष्ट्रांत राजदूत, 2003 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश, 2008 ते 2014 पॅसिफिक आयलंड्स फोरमचे सरचिटणीस. माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं काम कुठल्याच पदाचं नाही. 1998 मध्ये रोमला या न्यायालयाचा करार ठरताना प्रस्तावना आणि शेवटची कलमं जुळवून आणायची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यातलं कलम 120 पाहा, कुठलाही आक्षेप राखून सही करता येत नाही, म्हणजे नको ती कलमं कुणालाच वगळता येत नाहीत. दुबळ्या देशाला याहून मोठं संरक्षण कोणतं?

तात्या_वकील: सपशेल असहमत. त्याच भागातलं कलम 124 वाचलंत का? नव्या सदस्याला युद्धगुन्ह्यांपुरती सात वर्षं सूट. फ्रान्सने घेतलीच ना! बड्यांना पळवाट मिळाली. क्योटोच्या हवामान करारातही तेच. स्लेड छोट्या बेटदेशांच्या आघाडीचे अध्यक्ष, मागणी 2005 पर्यंत तापमान वाढवणाऱ्या वायूंत 20 टक्के कपातीची, पदरात पडली 2012 पर्यंत पाचेक टक्के. ज्यांची घरं समुद्राला लागून आहेत त्यांना हे यश म्हणून कसं सांगायचं?

दर्यावर्दी: 124 ही तडजोड होती, मान्य. पण फ्रान्सनेच 2008 मध्ये ती सूट सोडली आणि 2015 मध्ये कलमच वगळायचं ठरलं. 120 मात्र जागेवर आहे. आणि मसुदा जुळवणाऱ्याच्या हाती मतं नसतात हो. क्योटोचा आकडा त्यांच्या माथी मारू नका.

निशिगंधा७: मतांचाच मुद्दा पुढे नेते. हेगच्या न्यायालयाच्या पहिल्या 18 न्यायाधीशांपैकी सहांना चिठ्ठ्या टाकून तीनच वर्षं मिळाली. त्यात स्लेड होते. 2006 मध्ये उरलेले पाच पुन्हा निवडून आले, हे एकटे पडले. मला याचं फार वाईट वाटतं.

तात्या_वकील: वाईट मलाही वाटतं, पण तो अन्याय नव्हे. पूर्व युरोपचा तेव्हा एकच न्यायाधीश होता, म्हणून स्लेड यांच्या जागी बल्गेरियाच्या त्रेंदाफिलोवा आल्या. प्रदेशांचा तोल राखायचा नियम करारातच आहे.

निशिगंधा७: मग पॅसिफिकचा तोल? ते गेल्यावर तिथलं कुणीच उरलं नाही. सामोआ आशियाच्या गटात मोजला जातो, म्हणजे टोकियो-सोलशी स्पर्धा. कोरियाचे न्यायाधीश सोंग त्याच वेळी पुन्हा निवडून आले, ते बघा.

दर्यावर्दी: हा मुद्दा बिनतोड आहे, तात्या, याला उत्तर द्या.

तात्या_वकील: गटवाटणी चुकीची आहे, हे कबूल. तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. 1962 ला स्वतंत्र झालेल्या देशात कायदा जाणणारे किती असतील? असा माणूस 1983 पासून बहुतेक काळ बाहेरच्या कामात राहिला. मी सामोआचा नागरिक असतो तर त्यांना राजधानी आपियाच्या कोर्टात बसवलं असतं.