कंपनी बुडाली म्हणतात, पण शेड तीच आणि माणसंही तीच. पैसे कुणाकडे मागू?

दिंडोरीची शेतकरीण:
फेब्रुवारीत आमच्या थॉमसन द्राक्षांचा ९ टन माल एका एक्स्पोर्ट कंपनीला दिला, ४२ रुपये किलोने. ३ लाख ७८ हजार झाले. ५० हजार रोख मिळाले, बाकीचा कंपनीचा चेक. तो वटला नाही. बँकेचा मेमो हातात येऊन १२ दिवस झालेत. संचालक म्हणतात, "ताई, कंपनी बुडाली. मी वेगळा, कंपनी वेगळी." परवा पिंपळगावला जाताना त्यांच्या पॅकहाऊसपाशी थांबले. वॉचमन तोच, पाटी नवी. नवी कंपनी बायको आणि मेहुण्याच्या नावावर. कॅरेटवरचं जुनं नाव पांढऱ्या पेंटने पुसलंय, पण तिरक्या उन्हात अजून वाचता येतं. सोसायटीचं कर्ज आणि औषधवाल्याची उधारी माझ्या डोक्यावर आहे. कोर्ट कंपनीचा पडदा दूर करून मागच्या माणसालाच जबाबदार धरतं म्हणे. माझ्या बाबतीत करेल का?

निफाडकर:
ताई, त्या कॅरेटचे फोटो आजच काढा. आठवड्याने पेंटचा दुसरा हात बसेल. सौदा पावती आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्याही जपा.

नाशिकचा वकील:
ताई, पडद्याचं नंतर बघू, आधी तारखा. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, म्हणजे तुमच्या हातात १८ दिवस आहेत. नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवसांची मुदत, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार. तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्याच कोर्टात. चेकच्या कायद्याचं कलम १४१ कारभार पाहणाऱ्या संचालकालाही आरोपी करतं, त्यासाठी पडदा उचलावा लागत नाही. मात्र कंपनीलाही आरोपी करा. तिला वगळून नुसत्या संचालकावरची केस टिकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय.

आता पडदा. "मी वेगळा, कंपनी वेगळी" हे कायद्याने खरंच आहे. लंडनचे चामड्याचे व्यापारी सॉलोमन यांच्याकडे कंपनीच्या २०,००७ पैकी २०,००१ शेअर होते. कंपनी बुडाली, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, तिची देणी त्यांच्या अंगावर टाकली नाहीत. धंदा प्रामाणिकपणे बसला असेल तर आपलं कोर्टही हेच म्हणेल, आणि मला ते योग्य वाटतं. नाहीतर नवा धंदा उभा करायला कुणी धजणारच नाही.

पण देणी चुकवण्यासाठी कंपनीची ढाल केली, तर गोष्ट वेगळी. दिल्लीच्या स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांच्या आड न थांबता संचालक आणि त्यांच्या कुटुंबाच्या मालमत्तेला हात घातला. तुमच्याकडे नुसतं 'बायकोची कंपनी' एवढंच असेल तर ते अपुरं आहे. नवी कंपनी कधी नोंदली, तुमचा माल उचलण्याआधी की चेक परत आल्यावर? शेड, मशीन, गिऱ्हाईक किती किमतीला तिकडे गेलं, की फुकटच गेलं? नोंदणीची तारीख कंपनी मंत्रालयाच्या साइटवर दिसते. जुन्या कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलं गेलं तरी संचालकांची जबाबदारी उरते, कंपनी कायदा कलम २४८.

चेकवर सही कुणाची आहे?

दिंडोरीची शेतकरीण:
संचालकांचीच, कंपनीच्या शिक्क्याखाली. तारीख आत्ताच भाच्याला बघायला लावली. नवी कंपनी जानेवारीत नोंदलीय, आमचा माल उचलायच्या तीन आठवडे आधी. फोटो काढलेत. नोटिशीसाठी सोमवारी नाशिकला येते.