पुरस्कार सुपरिंटेंडेंटला, पण आकडा कुणाचा?

छेद_आधी_बघा:
कालच्या पोस्टीत म्हटलंय की अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखांना, म्हणजे सुपरिंटेंडेंटांना, स्वयंसेवी संस्था गौरवतात म्हणून तिथे सुधारणा होते, आणि 'एक खमका सुपरिंटेंडेंट आणला की निकाल पालटतो'. त्यावर टाळ्याच टाळ्या. आता ऐका. २००९ साली सुपरिंटेंडेंटांच्या राष्ट्रीय संघटनेने अटलांटाच्या बेव्हर्ली हॉल यांना वर्षातला सर्वोत्तम सुपरिंटेंडेंट ठरवलं. त्याच वर्षीच्या राज्य परीक्षेची चौकशी २०११ मध्ये बाहेर आली: ४४ शाळांत घोळ, १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं. २००१ चा तोच पुरस्कार ह्यूस्टनच्या रॉड पेज यांना. २००२ मध्ये ब्रॉड प्रतिष्ठानच्या शहरी शाळांसाठीच्या पारितोषिकाचा पहिला मान ह्यूस्टनलाच, आणि २००३ मध्ये कळलं की तिथल्या शार्प्सटाउन हायस्कुलातून वर्षभरात ४६३ मुलं गेली होती आणि कागदावर गळती शून्य. संस्थांनी आकडा तपासला नाही, आकड्याचा सत्कार केला.

पटावरचा:
सगळ्या पुरस्कारांची खिचडी केलीत. सुपरिंटेंडेंट संघटनेच्या पुरस्काराला अर्ज लागतो, शिफारस लागते. ब्रॉडला अर्जच नव्हता. सुमारे ७५ मोठे शहरी शालेय जिल्हे (एका सुपरिंटेंडेंटच्या हाताखालच्या शाळा) आपोआप पात्र, आधी आकड्यांची चाळणी, मग निवडक जिल्ह्यांत पथक जाऊन वर्ग बघायचं, शिक्षक संघटनेशीही बोलायचं. पैसा सुपरिंटेंडेंटच्या खिशात नाही, बारावीच्या मुलांच्या शिष्यवृत्तीला. मोठ्या शहरांच्या शालेय जिल्ह्यांची संघटना असलेल्या ग्रेट सिटी स्कूल्स कौन्सिलच्या रिचर्ड ग्रीन पुरस्काराचे १०,००० डॉलरसुद्धा विद्यार्थ्यालाच जातात. आणि २००३ चा विजेता लाँग बीच का विसरलात? कार्ल कोन १९९२ पासून दहा वर्षं, त्यांच्यामागून ख्रिस स्टाइनहाउसर २०२० पर्यंत. एरवी शहरी सुपरिंटेंडेंट सरासरी तीन-साडेतीन वर्षांत गाशा गुंडाळतो. असं टिकलेलं काम लोकांसमोर आणायला पुरस्कार नको, तर काय हवं?

फळा_आणि_फंड:
ब्रॉडचं कौतुक करताना हेही सांगा की सुपरिंटेंडेंट घडवणारी अकादमी त्याच प्रतिष्ठानची होती. क्लास ज्याचा, गुणवत्ता यादीही त्याचीच! शाळामंडळावर लोकांनी निवडून दिलेली माणसं असतात, त्यांना विचारतो कोण. धोरण ठरवणार प्रतिष्ठान, शाबासकी देणार प्रतिष्ठान, आणि फसलं की शिक्षक नालायक.

पटावरचा:
ब्रॉडने २०१४ मध्ये अंतिम फेरीत दोनच जिल्हे ठेवले आणि २०१५ मध्ये प्रगती पुरेशी नाही म्हणून पारितोषिकच थांबवलं. स्वतःचा सोहळा गुंडाळणारी दुसरी संस्था दाखवा.

फळा_आणि_फंड:
तेरा वर्षांनी जाग आली, अभिनंदन.

शंकासुर:
मला वेगळंच खटकतंय. अटलांटाच्या चौकशीची सगळी इमारत उत्तरपत्रिकांवरच्या खोडरबराच्या खुणांवर उभी आहे. चौथीतलं पोर एक ओळ चुकवून गोल रंगवत जातं, विसाव्या प्रश्नाला लक्षात येतं, मग मागचे सगळे गोल खोडतं. शिक्षक 'उत्तरं तपासा' म्हणतात, तरी खोडाखोड होते. एवढ्यावर माणसांना गुन्हेगार ठरवायचं?

छेद_आधी_बघा:
एका पोराच्या खुणेवर कुणालाच पकडलं नाही. स्कॅनर खोडलेल्या गोलाची पुसट छटा वाचतो आणि फक्त चुकीचं खोडून बरोबर केलेली उत्तरं वेगळी मोजतो. त्याची सरासरी वर्गाची काढायची, राज्याच्या सरासरीशी ताडायची, आणि तीन प्रमाण विचलनांच्या (म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या तिपटीच्या) पलीकडे गेला तरच वर्गावर संशयाची खूण. ओळ चुकवणारं पोर वर्गात एखादं असतं. २५ मुलांच्या वर्गात योगायोगाचा चढउतार एका मुलाच्या तुलनेत पाचपट आकसतो, म्हणून एवढी सरासरी हलवायला बऱ्याच उत्तरपत्रिकांवर हात फिरावा लागतो. शाळेतल्या २५ टक्के वर्गांवर खूण पडली तर ती शाळा 'गंभीर' गटात. 'उत्तरं तपासा' म्हटल्यावर खोडाखोड दोन्ही दिशांनी वाढते, बरोबरचं चूकही होतं. इथे गंगा एकाच दिशेला वाहत होती.

शंकासुर:
वर्ग हुशार असेल तर? हुशार मुलं खोडतात ती चुकीचीच उत्तरं.

छेद_आधी_बघा:
मग तो वर्ग पुढच्या वर्षी अचानक मठ्ठ कसा झाला? २०१० मध्ये राज्याचे निरीक्षक बसवले आणि अशा खुणा झपाट्याने घसरल्या. मुलं तीच, पेन्सिली त्याच.

शंकासुर:
बरं. गणित मान्य, निष्कर्ष नाही. हॉल यांनी आरोप नाकारले होते, आणि त्यांच्यावरचा खटला चालण्याआधीच मार्च २०१५ मध्ये त्या वारल्या. एप्रिलमध्ये ११ जण दोषी ठरले, त्यांत त्या नाहीत. मेलेल्या बाईवर दगड मारणं सोपं असतं.

छेद_आधी_बघा:
दगड कुठे मारला? आधी नीट वाचा, मग गहिवरा. मी पुरस्काराबद्दल बोलतोय. यंत्रणा कशी सडते तेही घ्या. प्रत्येक शाळेला दरवर्षी लक्ष्य, ते गाठलं तर कर्मचाऱ्यांना बोनस, चुकलं तर मुख्याध्यापकाची खुर्ची हलते. समजा प्राथमिक शाळेने पाचवीचा निकाल फुगवला. ती मुलं सहावीत येतात तेव्हा त्यांची खरी पातळी कागदापेक्षा कितीतरी खाली असते, आणि माध्यमिक शाळेचं लक्ष्य मात्र फुगीर आकड्यावर चढवलेलं. प्रामाणिक मुख्याध्यापक 'घसरण' दाखवतो आणि जातो. टिकतो तो, जो उत्तरपत्रिकांच्या कुलूपबंद खोलीची किल्ली वापरतो.

पटावरचा:
आता गैरसोयीचा मुद्दा. अटलांटा २००२ पासून 'नेप' या राष्ट्रीय नमुना चाचणीच्या शहरी भागात आहे. तिथे काही मोजकी मुलं निवडतात, शाळेचा निकाल लागत नाही, मुलाचा लागत नाही, बोनस नाही, उत्तरपत्रिका शाळेच्या कपाटात राहत नाहीत. हॉल यांच्या काळात तिथेही आकडे चढले. म्हणजे सगळंच बनावट नव्हतं.

छेद_आधी_बघा:
मान्य. नाइलाजाने, पण मान्य. मग पुरस्कार नेपवरच द्या.

वर्गशिक्षिका_७ब:
कसा देणार? शहरी नेप चौथी आणि आठवीचीच, साधारण दोन वर्षांतून एकदा. तीन वर्षं टिकणाऱ्या सुपरिंटेंडेंटच्या वाट्याला फार तर दोन मोजण्या, आणि नमुन्याची चूक एवढी की दोन-तीन गुणांचा फरक खरा की भास ते ठरत नाही. शिवाय शहरात पैसेवाली वस्ती आली की सरासरी आपोआप चढते, म्हणून गरीब मुलांचा आकडा वेगळा मागायचा. अपंगत्व किंवा इंग्रजी कच्चं म्हणून चाचणीतून किती मुलं वगळली, तेही बघायचं. आणि तुम्ही सगळे खोडरबराला चिकटलात! तो प्रकार निदान खूण तरी ठेवतो. खरी जादू पटावर होते.

छेद_आधी_बघा:
हेच तर पहिल्यांदा म्हटलं होतं, कुणी ऐकलं?

वर्गशिक्षिका_७ब:
अर्धंच म्हटलंत. मूल आठवडे गैरहजर, की पटावरून नाव कमी. मग कारणाचा कोड: 'दुसऱ्या शाळेत गेला', 'मायदेशी परतला', 'घरी शिकतो'. यातला कुठलाही लावला की मूल गळतीत मोजलं जात नाही. दुसरी युक्ती, दहावीला परीक्षा असेल तर कच्च्या मुलाला नववीतच ठेवायचं, मग एकदम अकरावीत. टेक्सासमधल्या एल पासोत नेमके दहावीतले कच्चे विद्यार्थी गायब केले, तिथले लोक त्यांना 'देसापारेसिदोस' (स्पॅनिशमध्ये 'गायब झालेले') म्हणायचे. तिथले सुपरिंटेंडेंट लोरेन्झो गार्सिया २०१२ मध्ये तुरुंगात गेले. २००८ च्या संघीय नियमानंतर नववीत पहिल्यांदा आलेलं प्रत्येक मूल चार वर्षं टक्केवारीच्या छेदात धरायचं, आणि दुसरीकडे गेल्याचा लेखी पुरावा असेल तरच काढायचं. म्हणून पुरस्कार देणाऱ्याने एवढंच करावं: 'दुसऱ्या शाळेत गेला' कोडाची शंभर नावं स्वतः निवडायची आणि नव्या शाळेने दाखला मागवल्याचं पत्र दाखवा म्हणायचं. दोन दिवसांचं काम.

पटावरचा:
ही सूचना मात्र चांगली आहे. छेदवाल्यांनी सुरुवातीलाच दिली असती तर चाळीस प्रतिसाद वाचले असते.

छेद_आधी_बघा:
तुमच्याकडून 'चांगली' हा शब्द, आजच्या तारखेची नोंद केली पाहिजे. माझी पुढची सूचना: पुरस्कार पाच वर्षं उशिरा द्या. फुगा फुटायचा असेल तर तोवर फुटतो.

पटावरचा:
तीन वर्षांत माणूस जातो, हे मीच वर लिहिलंय. पाच वर्षांनी बोलावाल तेव्हा तो दुसऱ्या शहराचे निकाल पालटत असेल.

फळा_आणि_फंड:
मग दरवर्षी लाँग बीचलाच द्या. तेवढेच एक घरी सापडतात.