ग्रीनलंडला सप्टेंबरात शिडाच्या जहाजावरून : गुडघा आणि व्हिसाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ६१ वर्षांची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. पुढच्या सप्टेंबरात पूर्व ग्रीनलंडच्या स्कोर्सबी सुंड या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, आठ दिवसांची सफर करायची आहे. जहाज लाकडी, दोन डोलकाठ्यांचं, प्रवासी फक्त १२. आइसलँडहून छोट्या विमानाने नेर्लेरिट इनाटच्या धावपट्टीवर उतरायचं आणि तिथूनच जहाजावर चढायचं. मधला डेन्मार्क सामुद्रधुनीचा उघडा समुद्र वाचतो. मला बोट लागते, त्यामुळे हे फार मोलाचं वाटलं. पुढचा सगळा प्रवास फियॉर्डच्या आतच, हिमनगांमधून. वारा असेल तर शिडावर, नसेल तर इंजिनावर.

सप्टेंबरच का, असं घरचेही विचारतात. समुद्रावरचा बर्फ हटून तिथे बोटी शिरायला लागतात त्याच मुळी जुलैच्या शेवटाला, आणि सप्टेंबर सरला की पुन्हा गोठायला सुरुवात होते. त्या एवढ्याशा खिडकीतला शेवटचा महिना मला हवा आहे. जागा ७० अंश उत्तरेच्याही वर, जुलैत तिथे रात्रच नसते. सप्टेंबरात अंधार परत येतो आणि आभाळ निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो.

पण खरं कारण टुंड्रा. मी ३१ वर्षं वर्गात ‘टुंड्रा प्रदेशात शेवाळ, दगडफूल व खुरटी झुडपे आढळतात’ एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळले. तिथली बुटकी भूर्जझाडं घोट्याएवढी असतात, पान रुपयाच्या नाण्याहून लहान, गोल, कडेला दाते. शरदात ती लालभडक होतात. आर्क्टिक विलो तर जमिनीला चिकटून सरपटतच वाढतो आणि पिवळा पडतो. आपल्याकडे पानगळ मान वर करून बघायची, तिथे गुडघे टेकून बघावी लागेल. आणि माझी अडचण नेमकी गुडघ्याचीच आहे.

उजव्या गुडघ्याची कूर्चा झिजली आहे. सपाटीवर पाच-सहा किलोमीटर चालते, जिनेही चढते, पण एका पायावर भार घेऊन खाली उतरताना भरवसा वाटत नाही. जहाजावरून किनाऱ्यावर जायला रोज दोनदा रबरी होडीत उतरायचं आहे. अंदाज यावा म्हणून गेल्या महिन्यात मुद्दाम राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेले. किल्ल्याच्या दरवाज्याशी होडी वर-खाली होत होती. मी तांडेलाचा पंजा पकडायला गेले, तर तो म्हणाला, “पंजा नको ताई, मनगट धरा. मी तुमचं धरतो, तुम्ही माझं.” मग होडी वर येईपर्यंत थांबायला लावलं आणि वर आल्याबरोबर पाऊल टाकायला सांगितलं. जमलं! नंतर कळलं की रबरी होडीवर चढता-उतरतानाही असंच मनगट धरतात. तरी पाण्यात पाऊल टाकून दगडगोट्यांवर उतरायचं आणि परतताना फुगीर काठावर बसून पाय आत घ्यायचे, हे गमबूट घालून कितपत जमतं? अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्यांनी सांगितलं तरी चालेल, तिथेही अशाच होड्या असतात. गुडघ्याला पट्टा बांधून उतरलेलं कुणी आहे का?

दुसरं, व्हिसा. मी ज्या एजंटकडे गेले तो म्हणाला, “शेंगेन काढा, सगळं येतं त्यात.” नाही येत! ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. व्हिसावर ‘ग्रीनलंडसाठी वैध’ असा वेगळा उल्लेख लागतो. शिवाय आइसलँडहून ग्रीनलंडला गेलं की शेंगेनच्या बाहेर पडलो, म्हणून परत यायला एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. मी स्वतः वाचलं नसतं तर रेक्याविकच्या विमानतळावर अडकले असते, याचा अजून राग आहे. मुंबईहून कुणी हे दोन्ही काढलं असेल तर कृपया सांगा : अर्ज एकच केला की दोन? किती आठवडे आधी?

कपड्यांचं. हिमालयातले ट्रेक केले आहेत, पण तिथे चालून अंग तापतं. इथे होडीत तास तासभर हलायचं नाही, पारा शून्याच्या आसपास आणि वर वारा. लोकरीचे आतले दोन थर आणि वरून वारा-पाणी न शिरणारं जाकीट पुरेल का? हातांना नक्की काय घालता? फोटो काढताना मोजे काढावेच लागतात ना?

विमा काढताना हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात आहे का हे बघायला सांगितलं आहे. साठीच्या पुढे असा विमा कुणाला मिळाला? जेवण शाकाहारी देऊ म्हणालेत. मेतकूट आणि लसणीची चटणी नेणार आहे, त्याची काळजी नाही.

आगाऊ रक्कम महिनाअखेरपर्यंत भरायची आहे. गुडघ्याबद्दल ‘जाऊ नका’ असं वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहा, पण कारणासकट. येत्या रविवारी पुन्हा राजपुरीला जाते आहे, या वेळी गमबूट घालून. आणखी कशाचा सराव करून बघू?