मुरुमांचे पथ्य आणि अमिनो आम्लांची पूरके

प्रश्न (इंदूर): मुरुमांमुळे दोन महिन्यांपासून मी दूध, साखर आणि सकाळची पोहे-जिलबी सोडली आहे. जिमला जात असल्याने पूरक घ्यावेसे वाटते. व्हे, बीसीएए (शाखायुक्त अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे काही घटक) की कोलॅजन (त्वचा-हाडांतील प्रथिन)?

उत्तर १: व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतील प्रथिन, तेव्हा दूध सोडून तेच डब्यातून घेणे म्हणजे पथ्य मोडणेच होय. बीसीएएमध्ये ल्युसीन, आयसोल्युसीन व व्हॅलीन बहुधा २:१:१ या प्रमाणात असतात, आणि ल्युसीन पेशींच्या वाढीची जी यंत्रणा चालू करते, ती त्वचेच्या तैलग्रंथींतही असते; म्हणजे त्वचेचे तेल आणि मुरुमे वाढू शकतात.

उत्तर २: डबा उलटून मागची बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. माझ्या ‘अमिनो’ गोळ्यांत बी-१२ही निघाले, आणि काहींना त्यानेही मुरुमे येतात. माझ्या हनुवटीने साक्ष दिलीच!

उत्तर ३: कोलॅजन प्राणिजन्य असते, शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. त्यापेक्षा आपले वरण-भात पाहा: तुरीत लायसीन हे अमिनो आम्ल भरपूर पण मेथिओनीन हे दुसरे कमी, तांदळात नेमके उलट, म्हणून दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. तरीही पूरक हवेच असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना डबा दाखवावा.

प्रश्नकर्ती: डबा पाहिला, दुसराच घटक दुधाची भुकटी आहे. परत करते.