सव्वाआठ हजारांचा खर्च: क्लेम करू की गप पैसे भरू?

हळद_दिवाणजी (सांगली)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पट्ट्या जुळवतो, पण स्वतःच्या गाडीचा हिशेब काही केल्या लागेना, म्हणून इथं विचारतोय.

गाडी होंडा युनिकॉर्न, ऑक्टोबर २०२१ ची. म्हणजे सव्वाचार वर्षं झाली. परवा मंगळवारी संध्याकाळी आष्ट्याहून येत होतो. तुंग सोडलं आणि डिग्रजच्या अलीकडं पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. कारखाने सुरू झाले की आमच्याकडं हे रोजचंच. ट्रॉलीतनं दोन-तीन ऊस निसटले, मी ब्रेक दाबला, पुढचं चाक उसावर चढलं आणि गाडी डावीकडं ओढली गेली. तिथं चहाच्या टपरीसमोर एक वॅगनआर उभी होती. तिच्या मागच्या बंपरला गाडीचं तोंड धडकलं आणि मग गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो गाणी लावून पुढं गेला.

मला फार नाही. कोपर सोलपटलं, घोटा मुरगळला, दवाखान्याचे साडेसहाशे. वॅगनआरवाले गृहस्थ भले निघाले. आधी चार हजार म्हणाले, चहा संपेपर्यंत अडीच हजारांवर आले. मी तिथल्या तिथं फोनवरून पाठवले.

आता गाडीचं. शोरूमच्या वर्कशॉपनं ८,२६० चं इस्टिमेट दिलंय. हेडलाइट २,४५०, वायझर ७८०, पुढचा मडगार्ड ८९०, इंडिकेटर २४०. शॉकअपचा उजवा पाइप १,३८०, हँडल ६२०, फूटरेस्ट ३४०, ब्रेकचा लिव्हर १६०. मजुरी १,४००. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, ४,६०० त सगळं करतो, पाइप दाबून सरळ करतो, प्लास्टिकचा माल बाहेरचा लावतो.

विमा फुल आहे, पण झिरो डेप (भाग जुने म्हणून पैसे न कापणारं जादा संरक्षण) घेतलेलं नाही. आजवर एकही क्लेम नाही, त्यामुळं ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट, चालू आहे. मेहुणा म्हणतो, क्लेम केलास की ४५ टक्के थेट शून्यावर, वेडेपणा करू नको. घरची मंडळी म्हणतात, मग विमा काय पूजेला ठेवलाय काय?

दोघांचंही खरं वाटतंय. काय करावं?

पेठेतली_मी (पुणे)

मेहुण्याचं ऐका. दहा हजारांच्या आतला क्लेम करू नये, हा माझा अनुभवातून आलेला नियम आहे. सोसायटीच्या खांबाला गाडी घासली, सात हजारांचा क्लेम घेतला आणि खूश झाले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला हप्ता सहा हजारांनी चढला. त्याच्या पुढच्या वर्षीही चढाच होता. शिवाय नुकसान तपासणाऱ्या सर्वेअरची वाट बघण्यात आठवडा गेला तो वेगळाच.

चौदाचा_पाना (कोल्हापूर)

भावा, विम्याचं मला कळत नाही, पण पाइपचं कळतं. एकोणीस वर्षं गॅरेज आहे. पाइप दाबून सरळ करतो म्हणणाऱ्याला एवढंच विचार, तू स्वतः या गाडीवर बसून पन्हाळ्याचा घाट उतरशील काय? वाकलेला पाइप सरळ दिसतो, पण आतनं होत नाही. महिन्या-दोन महिन्यांत ऑइल सील गळायला लागतं, ब्रेक मारला की हँडल एका बाजूला ओढतं. वायझर, इंडिकेटर डुप्लिकेट लाव, काही बिघडत नाही. पाइप नवाच पाहिजे.

अजून एक. तोंडावर धडक बसलीय आणि एकाच बाजूचा पाइप वाकलाय, म्हणजे टी (हँडलखाली दोन्ही पाइप धरणारा भाग) बघून घे. बहुतेक तीपण गेली असणार. हात सोडून गाडी हळू चालवली की सरळ जाते का तिरकी? (रिकाम्या मैदानात. रस्त्यावर करू नको, नाहीतर दुसरा धागा काढायला लागेल.)

घाटपळ्या (नाशिक)

दिवाणजी, क्लेम करायचाच तर पुरेपूर करा ना. टाकीवर जुना पोचा असेल, साइड पॅनेलवर ओरखडे असतील, सगळं त्याच अपघातात गेलं म्हणून टाका. माझ्या मित्रानं असंच अख्खी गाडी रंगवून घेतली.

कराडचा_एजंट (कराड)

घाटपळ्या, तुमच्या मित्राला सर्वेअर भेटलाच नसावा. ताजा ओरखडा चकाकतो. जुन्यात धूळ बसलेली असते, पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरलेला असतो. आणि उजव्या अंगावर पडलेल्या गाडीच्या डाव्या पॅनेलवरचे ओरखडे कसे समजावणार? एक खोटी गोष्ट सापडली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. दिवाणजींनी तसलं काही विचारलेलंच नाही.

दिवाणजी, बावीस वर्षं एजन्सी करतोय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पेठेतल्या ताईंचा अनुभव खरा आहे, पण तो कारचा आहे. तुमची बाइक आहे. नो क्लेम बोनस हा फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, ज्याला आम्ही ओडी म्हणतो. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्याला तो लागत नाही. तुमची थर्ड पार्टी तर नवीन गाडी घेतानाच पाच वर्षांची भरलेली असणार, कारण सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ती तशीच घ्यावी लागते. कारचा ओडी हप्ता दहा-बारा हजार असू शकतो, त्याच्या ५० टक्के गेले की डोळ्यांत पाणी येतं. बाइकचा किती असतो? पॉलिसी काढा आणि बोनस वजा होण्याआधीचा ओडी हप्ता किती, ती ओळ इथं लिहा.

तोवर तुमच्या इस्टिमेटचं बघू. तुम्ही दिवाणजी, त्यामुळे घसारा (भाग जुना म्हणून किमतीतली कपात) समजवायला नको. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत ५, मग दरवर्षी १०, १५, २५, ३५ असा चढत जातो. तुमची गाडी चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात आहे, म्हणजे ३५ टक्के. मजुरीला घसारा नाही. शेवटी सक्तीची वजावट, दुचाकीला १०० रुपये.

प्लास्टिकचे तुमचे चार भाग मिळून ४,३६०. त्यातले २,१८० मिळतील. धातूचे २,५००, त्यातले १,६२५. मजुरी १,४०० पूर्ण. बेरीज ५,२०५, वजा १००. कंपनी देईल ५,१०५. तुमच्या खिशातून ३,१५५. सर्वेअरनं एखादा भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करा म्हटलं तर आकडा हलेल.

वॅगनआरचे अडीच हजार मात्र विसरा. तुमच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे फुल विम्यात, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला एक लाखापर्यंत संरक्षण होतं, पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, अशी अट त्याच पॉलिसीत असते. त्यांच्याकडून ‘पैसे मिळाले, आता काही मागणं नाही’ एवढा मेसेज तरी घेऊन ठेवा. दवाखान्याचंही तेच. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, मुरगळलेल्या घोट्यासाठी नाही.

हळद_दिवाणजी

एजंटसाहेब, पॉलिसी काढली. बेसिक ओडी ७८० रुपये. त्यातनं ४५ टक्के, म्हणजे ३५१ रुपये वजा.

तीनशे एक्कावन्न!

चार वर्षं मी ‘४५ टक्के, ४५ टक्के’ म्हणून मिरवतोय. कशाच्या ४५ टक्के, हे एकदाही बघितलं नाही. दुकानात एखाद्या पोरानं टक्का लिहून मूळ रक्कम लिहिली नाही तर मी वही फेकून देतो.

कराडचा_एजंट

होतं असं. आता पुढचा हिशेब तुमच्याच भाषेत.

क्लेम केला नाहीत तर ऑक्टोबर २०२६ ला बोनस ५० टक्के होईल आणि तिथंच थांबेल, कारण ५० च्या वर तो जात नाही. केलात तर २०२६ ला शून्य. त्यानंतर दरवर्षी क्लेम न करता २०, २५, ३५, ४५, आणि २०३१ ला पुन्हा ५०. म्हणजे पाच वर्षांत तुमचा फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के. सव्वा वर्षाचा ओडी हप्ता एवढंच तुमचं नुकसान: ९७५ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,१५०. तेही पाच वर्षांत विभागून, आणि गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच.

तेव्हा ३,१५५ अधिक १,१५० म्हणजे ४,३०५, कंपनीच्या सुट्या भागांसह. गल्लीतला ४,६००, दाबलेल्या पाइपसह.

एकच गोष्ट हे पारडं फिरवू शकते. वर्ष-दोन वर्षांत महागडी बाइक घ्यायचा विचार आहे का? बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकली की कंपनीकडून बोनसचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या दुचाकीच्या ओडी हप्त्यात तेवढी सूट मिळते. दोन-अडीच लाखांच्या गाडीला हा आकडा ३५१ राहत नाही. पण दुचाकीचा बोनस कारला चालत नाही आणि मुलाच्या नावावर गाडी घेतलीत तरी उपयोग नाही.

पेठेतली_मी

हे वाचून मीही स्कूटरची पॉलिसी काढून बघितली. बोनस २११ रुपये. गेल्या वर्षी याच बोनससाठी तिची ३,८०० ची दुरुस्ती खिशातून केली होती. नियम मागे घेते. कारपुरता ठेवते.

हळद_दिवाणजी

नवी गाडी नाही. थोरला यंदा बारावीला आहे, पुढची दोन वर्षं पैसा तिकडं.

पण क्लेम नोंदवला आणि नंतर नको वाटलं तर? आणि पाना दादा म्हणतात तशी टी वाकलेली निघाली तर?

कराडचा_एजंट

आधी कंपनीला कळवा, आजच. तीन दिवस झालेत, आणखी उशीर केलात तर तो का झाला हे लिहून द्यावं लागेल. सर्वेअर बघेपर्यंत गाडीला पाना लावू देऊ नका. त्या मेकॅनिकलाही सांगा. पोलीस तक्रार अशा किरकोळ, दुसरं कुणी जखमी नसलेल्या नुकसानीत सहसा मागत नाहीत. लायसन्स, आरसी आणि जागेवरचे फोटो असले तर उत्तम.

नको वाटलं तर पैसे घेण्याआधी क्लेम मागे घेतल्याचं लेखी द्या आणि तो बंद झाल्याचं लेखी घ्या. नुसता लोंबकळत ठेवू नका, नूतनीकरणाच्या वेळी प्रलंबित क्लेम दिसला की बोनस अडतो. उघडल्यावर टी निघाली तर सर्वेअरला पुन्हा बोलावून पुरवणी मंजुरी घेता येते. जोडून टाकल्यावर मात्र नाही.

आणि क्लेम घेतलात तर ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कंपनीत जाऊन ‘बोनस ५० टक्के’ वर टिचकी मारू नका. ऑनलाइन फॉर्म कुणालाही मारू देतो. कंपन्या एकमेकींकडे खात्री करतात, आणि खोटं नेमकं पुढच्या मोठ्या क्लेमच्या वेळी उघडं पडतं.

चौदाचा_पाना

टी निघणार. लिहून घे.

हळद_दिवाणजी (अठरा दिवसांनंतर)

गाडी काल मिळाली. हिशेब देतो, नाहीतर धागा अर्धवट राहील.

टी निघालीच. १,१५०, आणि सोबत कोनसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग) ४२०. मजुरी वाढून १,७०० झाली. सर्वेअर दोनदा आला. पोरगेलासा होता, पण नजर पक्की. मडगार्डवर बोट ठेवून म्हणाला, काका, ही चीर जुनी आहे. मी तोंड उघडणार होतो, पण खरं सांगायचं तर ती गणपतीत पडलेली, पार्किंगमध्ये कुणीतरी दुसरी गाडी पाडली होती अंगावर. इस्टिमेटवाल्यानं लिहिली आणि मी मुकाट्यानं राहू दिली होती. घाटपळ्या, तुमच्यात आणि माझ्यात ८९० रुपयांचाच फरक म्हणायचा. मडगार्ड कटला.

बिल ९,२४०. प्लास्टिकचे १,७३५, धातूचे २,६४५, मजुरी १,७००, वजा १००, कंपनीनं दिले ५,९८०. माझे ३,२६०, वर शॉकअपचं ऑइल १८०, ते विम्यात बसत नाही म्हणाले. एकूण ३,४४०. गल्लीतल्या मेकॅनिकनं टी बघितलीच नव्हती, त्यामुळं ते ४,६०० आता तुलनेलाही धरत नाही.

आजच्या तारखेला आमच्या वहीत एक नवं खातं आहे, ‘बोनस तूट’, पाच वर्षांसाठी, ९७५ अधिक जीएसटी. घरची मंडळी हसतात.

मडगार्ड अजून चिरलेलाच आहे. पावसाळ्याच्या आत बघू.

चौदाचा_पाना

कोल्हापूरला आलास की घेऊन ये. मडगार्डचे पैसे घेईन, मजुरी नको. येताना दोन किलो हळद आण, चांगली.